लोकरीची परीक्षा

तुमच्या आईने फोनवर हसत हसत सांगितले की तुमच्या धाकट्या भावाला नोकरीच्या तपासणीत ठिपक्यांच्या चित्रातला आकडा दिसला नाही, आणि तेव्हा कुठे कळले की त्याला लाल आणि हिरवा सारखाच दिसतो. डॉक्टर म्हणे "काही बिघडत नाही" म्हणाला आणि त्याने पुढचा कागद ओढला. नोकरी मिळाली. मीही फोनवर हसले. मग रिसीव्हर ठेवला आणि हा कागद काढला. हा दोष आजोबांकडून मुलीकडे आणि मुलीकडून नातवाकडे येतो. मुलीला स्वतःला सहसा तो होत नाही, ती नुसती पोहोचवते. तुमच्या आईने तो कोणाकडून आणला, हे तुम्हांला कोणी सांगितलेले नाही. तुम्ही मराठी सावकाश वाचता, म्हणून मीही सावकाश आणि क्रमाने लिहिते.

मिठाच्या सत्याग्रहाच्या गडबडीच्या आधीची एक-दोन वर्षे असतील. आम्ही सोलापुरात पोलीस लायनीत राहत होतो. माझे सासरे फौजदार होते. मंद्रूपला एका तपासाला गेले होते, तिथून ताप घेऊन आले आणि त्या तापातून उठले नाहीत. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. घरात उरलो तिघे : सासूबाई, तुमचे आजोबा आणि मी. आजोबा मॅट्रिक झालेले, उंचेपुरे, आवाज खणखणीत. मी सोलापुरातल्याच मिशनच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकलेली. साहेबाची मडम कधी घरी आली तर तिच्याशी बोलायला कोणीतरी हवे, म्हणून सासऱ्यांनी मला मुद्दाम शोधून सून करून घेतली होती. मडम कधी आली नाही.

फौजदाराचे क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी आणि मागे चार भिंतींच्या आत एक आड. त्या आडाचे महत्त्व तुम्हांला नीट कळायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. नवरा गेल्यावर तेव्हाच्या रीतीप्रमाणे सासूबाईंच्या डोक्यावरचे केस गेले, अंगावर तांबडे आलवण, म्हणजे बिनकाठाचे लुगडे, आले आणि सोवळ्याचे नियम दुप्पट कडक झाले. ओलेत्याने स्वतः ओढलेले पाणीच त्यांना चाले. गल्लीच्या नळावर, सतरा जातींच्या घागरी जिथे एकमेकींना लागतात, तिथे त्यांना पाणी भरता येणे शक्य नव्हते. हे योग्य की अयोग्य, हा वाद मी पुढे आयुष्यभर घातला. त्या वेळी वाद नव्हता, फक्त आड होता. आड असलेले घर गेले तर सासूबाईंनी अक्कलकोटला भावाकडे जायचे, हे सगळ्यांना ठाऊक होते. भाऊ वाईट नव्हता. त्याच्या घरी माणसे मात्र खूप होती आणि स्वयंपाकाला बाई नव्हती. बहीण कोण म्हणून जाणार, हेही सगळ्यांना ठाऊक होते.

आडाचे घर भाड्याने घ्यावे एवढी आमची ऐपत नव्हती. उपाय एकच होता. पोलिसांचा मोठा साहेब सासऱ्यांना मानत असे. त्याने आजोबांना बोलावून सांगितले, "तुझी उंची आहे, शिक्षण आहे, बापाचं नाव आहे. फौजदारकीसाठी मी तुझं नाव पाठवतो. सिव्हिल सर्जनच्या तपासणीत पास झालास की नाशिकला ट्रेनिंगला जायचं. तोवर घर राहू दे तुमच्याकडे."

म्हणजे पास झाले तर घर, आड आणि सासूबाई. नापास झाले तर तिन्ही गेले.

सासऱ्यांच्या जागी बदलून आलेले फौजदार बाजारात एका माडीवर भाड्याने राहत होते. एका दुपारी त्यांची बायको आमच्याकडे आली. कडेवर मूल, मुलाच्या पाठीवर घामोळ्यांची पुटे. मी पाट मांडला.

"बसते. आधी आड बघू का?"

तिने आडात वाकून पाहिले, खडा टाकून आवाज ऐकला. मग स्वयंपाकघरात येऊन फडताळ वितीने मोजू लागली.

"मोजून घ्या, नीट मोजून घ्या," सासूबाई आतून म्हणाल्या. "माप चुकायला नको."

"तसं नव्हे हो काकू. माडीवर पाणी चढवून चढवून माझी कंबर गेली. तुमच्या मुलाचं झालं तर आम्ही बघू दुसरीकडे. पण नाहीच झालं तर, म्हणून पाहून ठेवलं."

"होईल त्याचं."

"होऊ दे की. मी काय नको म्हणते?"

तिला कुंकू लावायला मी गेले. सासूबाईंच्या हातून आता ते चालत नव्हते.

त्या दिवसापासून मी आजोबांची तयारी हातात घेतली. शाळेतल्या शिवणाच्या फितीने मी रोज सकाळी त्यांची छाती मोजायची, एकदा श्वास सोडून आणि एकदा भरून. दात पाहिले. ओल्या पायांनी फरशीवर उभे करून तळव्याचा ठसा पाहिला, कारण सपाट पायाचा माणूस घेत नाहीत असे ऐकले होते. पुठ्ठ्यावर लहान-मोठी इंग्रजी अक्षरे काढून पडवीच्या टोकाला टांगली. शेवटच्या ओळीतली बारीक अक्षरेही त्यांनी धडाधड वाचली.

"घारीचे डोळे आहेत माझ्या मुलाचे," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांच्या हाताखालचा एक म्हातारा हवालदार समोरच्या चाळीत राहत होता. उमेदवारांना दवाखान्यात घेऊन जायचे काम त्याच्याकडे असे. संध्याकाळी तो पडवीत येऊन बसायचा आणि तंबाखू मळत तपासणीच्या गोष्टी सांगायचा.

"समदं हुतंय बगा," तो म्हणाला. "छाती हाय, उंची हाय. आता ती पेटी तेवढी ऱ्हायली."

"कसली पेटी?" मी आतूनच विचारले.

"लोकरीची वो. रंगीत लडी असत्यात तिच्यात. डाक्टरसायेब एक लड टाकतो आन् म्हनतो, हिच्या जोडीच्या काढ. पोरींचा खेळ हाय की. गेल्या साली सांगोल्याचा एक गडी त्यातच गेला. पैलवान हुता, लई दांडगा. हिरव्या काढ म्हनलं तर मातकट काढून बसला. तितनंच माघारी धाडला त्याला."

मी हसले. आजोबा हसले नाहीत. हवालदार गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुझ्याकडे शाळेतली लोकर आहे ना?"

माझ्या ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेले पाच-सहा गुंडे होते. मी ते चटईवर मांडले आणि हवालदाराने सांगितले तसे हिरवा गुंडा पुढे टाकला. "ह्याच्या जोडीचा द्या."

त्यांनी विटकरी उचलून दिला.

"थट्टा पुरे."

"थट्टा नाही. दोन्ही एकच तर आहेत. हा जरासा काळपट आहे, एवढंच."

मी पुन्हा मांडले. खिडकीपाशी मांडले, मग अंगणात उन्हात मांडले. गुलाबी गुंडा त्यांनी राखी म्हणून उचलला.

"तुम्हांला आजवर कळलं कसं नाही?"

"कळणार काय? मिरची पिकली की लाल म्हणतात, मीही लाल म्हणतो. पान हिरवं म्हणतात, मीही म्हणतो. मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं आणि नावं मात्र पाठ करावी लागतात. मी केली."

"आणि आईंचं लुगडं? आधी हिरवी नेसायच्या, आता..."

"आता काय?" त्यांनी वळून आत पाहिले. सासूबाई चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. "रंग बदललाय? मला वाटलं, नुसते काठ गेले."

सासूबाईंनी सगळे ऐकले होते. त्या उठून दारात आल्या. आता रडतील असे मला वाटले. त्यांनी मुलाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "असू दे रे. जगात एका तरी माणसाला मी होते तशी दिसते." मग आत गेल्या आणि थोड्या वेळाने काशाची वाटी आणि तूप घेऊन आल्या. "पण त्या डॉक्टरचं काय करायचं? पाय पुढे कर. डोळ्यांत उष्णता गेलीय तुझ्या."

काशाच्या वाटीने तळपायाला तूप घासले की डोळ्यांतली उष्णता उतरते, असे आपल्याकडे मानतात. सासूबाईंनी रोज घासले. तळवे काळे झाले, म्हणजे उष्णता बाहेर पडली म्हणायची. सकाळी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवायचे, जेवणाआधी दुर्वांचा रस प्यायचा. एवढे करून त्या दबकत विचारायच्या, "आज माझं लुगडं कसं दिसतंय?"

"तसंच, आई."

माझा उपाय वेगळा होता. त्यांना गडद आणि फिका यातला फरक चांगला कळत होता, म्हणून मी त्यावरून रंग ओळखायला शिकवू लागले. माझ्या गुंड्यांपुरते त्यांना जमले. एखादा नवा धागा दिला की सगळे कोसळायचे. ते चिडत नसत, हे मला जास्त लागायचे. चिडले असते तर मीही चिडले असते. ते नुसते म्हणायचे, "पुन्हा मांड."

याच सुमारास मला दिवस गेले. सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "बाळंतपण मी करीन. इथे असले तर."

एके दिवशी हवालदार बातमी घेऊन आला. दवाखान्यातल्या पेटीला कसर लागली होती, निम्म्या लडींचा भुगा झाला होता. नवी पेटी यायला वेळ लागणार, म्हणून डॉक्टरने इथूनच सूत रंगवून आणायला सांगितले होते. "साकर पेठेतल्या रंगाऱ्यांकनं आनत्यात," तो म्हणाला. "म्या सोताच जानार हाय."

मला ही संधी वाटली. आमच्या लायनीमागच्या गल्लीत एका तेलुगू रंगाऱ्याचे घर होते. त्याच्या बायकोकडून मी उरल्यासुरल्या धाग्यांच्या लडी मागून आणल्या, जितके रंग मिळाले तितके. त्यांची आमच्यापुरती पेटीच केली. आजोबांपुढे हिरवी लड टाकली. त्यांनी ढिगातून एक उचलली, जरा थांबले, ठेवून दिली, दुसरी उचलली. हिरवी. मग तिसरी. तीही हिरवी.

मी सासूबाईंना हाक मारली. काशाची वाटी लागू पडली असे मला खरेच वाटले.

"डोळ्यांनी नाही," आजोबा म्हणाले. "हे हातात घेऊन बघ. वास घे."

मी वास घेतला. लाल सूत तेलकट होते आणि त्याला एरंडेलाचा वास होता. हिरवा निळीवरच चढवतात, म्हणून हिरव्याला निळीच्या पिंपाचा आंबूस वास. मातकट सुताला काताचा, तुरट. लहानपणापासून मी त्या गल्ल्यांतून नाक धरून गेले होते आणि कधी वेगवेगळे वास घेतले नव्हते. ते मात्र डोळे मिटून सांगू लागले. मी आणखी लडी आणल्या. दर वेळी बरोबर. रंगाऱ्याच्या घरी पिंपांचे वास नीट पारखायला ते स्वतः गेले, तेव्हा रंगाऱ्याची बायको मला म्हणाली, "काय वो बाई, तुमचं मालक आमचं सूत हुंगतंय की. जेवायला देत नाय काय तुमी?"

ते दिवस बरे गेले. सासूबाईंनी शिरा केला. आम्ही तिघांनी मिळून तालीमसुद्धा केली : लड उचलायची, उजेडाकडे न्यायची आणि नेताना नाकाजवळून न्यायची. एका हातात रुमाल, मधूनमधून सर्दी असल्यासारखे नाक पुसायचे. सासूबाई डॉक्टर व्हायच्या. पाटावर ताठ बसून, घोगरा आवाज काढून म्हणायच्या, "हिच्या जोडीची काढ." आणि स्वतःच हसायच्या. नवरा गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा तेव्हा पाहिले. सोलापूरच्या माणसाला रंग म्हणजे पिंप. पिंपाला वास असणारच. बिनवासाचा रंग असतो, ही कल्पनाच आम्हां तिघांना शिवली नाही. आणि सूत इथलेच येणार हे तर हवालदाराने सांगितलेच होते.

तपासणीच्या दिवशी ते सकाळी गेले आणि दुपारी परत आले. आडावर जाऊन त्यांनी पायांवर पाणी घेतले, आत येऊन पाटावर बसले. सासूबाईंनी ताट वाढले.

"नको," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितले. उंची, छाती, दात, पाय, अक्षरे, सगळे व्यवस्थित झाले. डॉक्टर गोरा, वयस्कर, अदबीने बोलणारा. शेवटी त्याने पेटी उघडली. नवी पेटी पुण्याहून आदल्याच दिवशी आली होती. आत विलायती लोकर, एकसारखी मऊ. कसर लागू नये म्हणून पेटीत डांबराच्या गोळ्या टाकलेल्या.

"सगळ्या लडींना डांबराच्या गोळ्यांचा वास," आजोबा म्हणाले. "सगळ्यांना. मी एक उचलली, दुसरी उचलली. त्यानं विचारलं, सर्दी झालीय का? म्हटलं, हो. तो म्हणाला, सावकाश घे, घाई नाही. फार चांगला माणूस आहे. मी फिकी-गडद बघून काढत गेलो. काढून झाल्यावर त्यानं माझ्या लडी एका बाजूला सारल्या आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसला."

"काय म्हणाला?" मी विचारले.

"म्हणाला, वाईट वाटतं."

सासूबाईंनी वाढलेले ताट उचलून झाकून ठेवले. मग माझ्याकडे वळल्या. "मडमेशी बोलायला आणली होती ना तुला? जा. डॉक्टरशी बोल."

"आई, ती जाऊन काय करणार?" आजोबा म्हणाले.

"तू गप्प बस. तुझं झालंय करून. इतकी वर्षं हिच्या बापानं फी भरली ती कशाला? जा गं. पाया पड, रड, काय हवं ते कर. इंग्रजीत कर."

दुसऱ्या दिवशी मी गेले. हवालदार काठी घेऊन दहा पावले मागून चालत होता. वाटेत मी वाक्ये जुळवत होते आणि चुका सुधारत होते. शाळेत निबंध लिहिताना करायची तसेच : आधी मुद्दा, मग कारण, मग विनंती. डॉक्टरच्या बंगल्याच्या व्हरांड्यात त्याने मला खुर्ची दिली. मी उभीच राहिले. आम्ही इंग्रजीत बोललो, इथे मराठीत लिहिते.

मी म्हटले की रेल्वेच्या माणसाला लाल-हिरवा दिवा ओळखावा लागतो, ते मला समजते. आगगाडी पोलीस चालवत नाहीत. माझ्या यजमानांना दूरचे दिसते, अंधारात दिसते, ते प्रामाणिक आहेत. त्यांच्या वडिलांनी हयात या नोकरीत घालवली. एका विधवा बाईचे घर या एका लोकरीवर अवलंबून आहे.

त्याने मध्ये एकदाही तोडले नाही. माझे संपल्यावर म्हणाला, "तुम्ही फार चांगलं बोलता. मी तुम्हांला एकच विचारतो. तुमच्या घरातली जमीन कशाची आहे?"

"पडवीत फरशी आहे. आत शेणाने सारवलेली."

"या जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत सारवलेलीच असते. फौजदार झाल्यावर तुमचे यजमान अशाच एखाद्या खोलीत जातील. तिथे कोणाला तरी मारलेलं असेल आणि प्रेत हलवलेलं असेल. सारवलेल्या जमिनीवर रक्त सांडलेलं असेल, थोडंसं, वाळलेलं. पंचनाम्यासाठी सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत असतील. त्यांना ते दिसेल?"

मी तोंड उघडले. होय म्हणणार होते. वाक्य तयार होते.

पण मला आमचे स्वयंपाकघर दिसले. संक्रांतीच्या सुमारास माझ्या हातून कुंकवाचा करंडा निसटून सारवलेल्या जमिनीवर सांडला होता. सासूबाई ओरडल्या, "पाय देऊ नका रे कोणी." मी केरसुणी आणायला वळले तोवर आजोबा त्यावरून चालत गेले, सरळ, ओट्यापर्यंत. कुंकवाची पावले घरभर उमटली. सासूबाई त्यांना अद्वातद्वा बोलल्या. ते गोंधळून आपल्या पायांकडे बघत होते आणि म्हणत होते, "कुठे सांडलंय?" धांदरटपणा म्हणून आम्ही ते सोडून दिले होते.

"नाही," मी डॉक्टरला म्हटले. "दिसणार नाही."

मग त्याने मला फाटकापर्यंत पोहोचवले. अशा माणसाने तसे करावे हे तेव्हा फार होते. मला ते सोसले नाही. त्याने हाकलून दिले असते तर घरी सांगायला काहीतरी मिळाले असते.

परतीच्या वाटेवर हवालदाराने विचारले, "काय म्हनला सायेब?"

"काही नाही. मीच म्हणाले."

"आँ? तुमी काय म्हनला?"

मी झपझप पुढे चालू लागले. घरी मात्र झाले ते सगळे सांगितले, कुंकवाचेही. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता त्या मुलाला म्हणाल्या, "हिनं हो म्हणायला हवं होतं."

"हो म्हटलं असतं तर काय झालं असतं, आई? पुन्हा त्याच टेबलाशी उभा केला असता मला."

"हो म्हणायला हवं होतं," त्या पुन्हा म्हणाल्या. "एवढ्यासाठी का शिकवतात मुलींना? खरं बोलायला तर मलाही येतं, न शिकता."

डॉक्टर बरोबर होता, हे मला तेव्हाही पटले होते आणि आज जास्त पटते. कोणी निरपराध माणूस माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांमुळे अडकला नाही, कोणी खुनी सुटला नाही. पण तो माणूस आणि तो खुनी मला कधी भेटले नाहीत. सासूबाई रोज समोर होत्या.

आजोबांनी आठवडाभर घरे पाहिली. आड असलेले एकही आमच्या आवाक्यात नव्हते. एका ठिकाणी घरमालक म्हणाला, आडावर आम्ही तीन बिऱ्हाडे भरतो. सासूबाईंनी ऐकून नुसता हात हलवला. शेवटी गिरणीच्या बाजूच्या एका चाळीत एक खोली मिळाली. साहेबाकडून हुकूम येण्याची वाट न बघता आजोबांनी स्वतः जाऊन क्वार्टरची किल्ली परत दिली.

नव्या फौजदाराची बायको आवरायला मदत करते म्हणून आली. मला ते आवडले नाही, पण नाही म्हणायचे बळही नव्हते. तिने आणि मी मिळून भांडी बांधली. मूल मध्येच रांगत आडाकडे निघाले तेव्हा सासूबाईंनी धावत जाऊन त्याला पकडले आणि, विटाळ मानणाऱ्या बाईने, दुपारच्या सोवळ्यात उचलून कडेवर घेतले. "दाराला आधी कडी लावून घ्या," त्या तिला म्हणाल्या. "मूल वाचलं तर पाणी."

अक्कलकोटहून मामा, म्हणजे सासूबाईंचे भाऊ, बैलगाडी घेऊन आले होते. सासूबाईंचे सामान म्हणजे एक पेटी आणि देव. गाडीत बसताना त्यांनी मला जवळ बोलावले. मला वाटले, आता मनातले काढतील.

"सातव्यात लिंबू खाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "आणि पहिल्या कळेला घाबरून सगळी चाळ गोळा करू नकोस. पहिल्या वेळी फार वेळ लागतो."

बाळंतपण चाळीतल्याच एका सुईणीने केले. मुलगी झाली, तुमची आई. आजोबा तोवर गिरणीत सुताच्या गोदामात कारकून म्हणून लागले होते. तिथे वजने लिहायची असत, रंग कोणी विचारत नसे. ते कधी कुरकुरले नाहीत. फक्त खाकी कपड्यातला माणूस रस्त्याने समोरून आला की ते पलीकडच्या कडेला जात. मी कितीदा तरी पाहिले.

मुलगी चार-पाच महिन्यांची झाल्यावर मी तिला घेऊन अक्कलकोटला गेले. मामांच्या घरात सगळीकडे कानडी चालले होते. सासूबाई मागच्या स्वयंपाकघरात होत्या. चुलीवर भाकरी, परातीत पिठाचा डोंगर, धुराने डोळे लाल. मला बघून त्या हसल्या. हात पिठाचे होते म्हणून कोपरांनीच मुलीला धरले, नाकाने तिच्या गालाला स्पर्श केला.

"डोळे कुणाचे?" त्यांनी विचारले.

"माझे असतील. डॉक्टर म्हणतात, मुलींना होत नाही."

"मग बरं." त्यांनी मुलगी माझ्याकडे दिली आणि भाकरी उलटली. "तो कसा आहे? जेवतो का वेळेवर?"

"जेवतात. तुम्हांला घेऊन ये म्हणाले. निदान महिनाभर तरी."

त्यांनी चुलीत लाकूड सारले. बाहेरून कोणीतरी कानडीत हाक मारली. "बंदे," म्हणजे आले, असे त्यांनी कानडीतच उत्तर दिले, आणि ते ऐकून मला चमत्कारिक वाटले.

"खोली केवढी आहे?"

"आहे बऱ्यापैकी. पडदा लावला तर दोन होतील."

"नळ?"

"गल्लीत."

"एकच?"

"एकच."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा उंडा थापायला घेतला.